शेवटच्या वीस मिनिटांचा हिशेब

मी कोळसा खाणीच्या टाइम ऑफिसात हाजरीबाबू आहे. कामगार किती वाजता आला आणि किती वाजता सुटला, हे पाहणं माझं काम. आता अंगठ्याचं यंत्र बसलं आहे, पण उशिरा लागलेला अंगठा मंजूर करायचा की नाही, हे अजूनही माझ्या टेबलावर ठरतं. इतक्या वर्षांत मी एकाचीही खोटी हाजरी लावली नाही. हे मी पूर्वी अभिमानाने सांगत असे.

रविवारी माझी सुटी असते. त्या दिवशी मी कॉलनीच्या फुटबॉल टीमचे सामने पाहतो आणि वहीत लिहून ठेवतो. गोल कुणी केला, कोणत्या मिनिटाला झाला, कोण आत आलं, कोण बाहेर गेलं. मला कुणी सांगितलेलं नाही. आकडा लिहिल्याशिवाय मला सामना पाहिल्यासारखं वाटत नाही.

मैदानाच्या कडेला कन्व्हेअर बेल्टचा एक जुना तुकडा दोन दगडांवर टाकलेला आहे. खाणीतून टाकाऊ म्हणून आलेला. उन्हात तो इतका तापतो की आम्ही बसायला घरून पोतं घेऊन येतो. त्या बेल्टवर बसणारे आम्ही सात-आठ जण, आणि टीमचं जे काही ठरतं ते तिथेच ठरतं. खेळाडू बहुतेक खाणीतले. कोच मात्र बाहेरचे होते. राजूरच्या रस्त्यावर त्यांचं ट्रकच्या कमानपाट्यांचं वर्कशॉप आहे. तरुणपणी ते स्वतः चांगले खेळत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पंधराएक वर्षं त्यांनी टीम सांभाळली, एक रुपयाही न घेता.

गेल्या हंगामाच्या मध्यापर्यंत आम्ही चौदा सामने खेळलो. दोन जिंकले, तीन बरोबरीत सुटले, नऊ हरलो. नवव्या पराभवानंतरच्या रविवारी बेल्टवर एकच विषय होता, कोच बदलायचा का, आणि बदलायचा तर कोण आणायचा.

आमच्यातले निवृत्त फोरमनसाहेब नागपूरच्या एका कोचच्या बाजूने होते. त्याच्याकडे प्रशिक्षणाचं लायसन होतं. तांड्यावरचे एक शेतकरी भाऊ दर रविवारी येतात, त्यांचा भाचा आमचा गोलकीपर. त्यांना वणीचे एक क्रीडाशिक्षक हवे होते.

"लायसन तर मायाजवळ बी आहे," ते फोरमनसाहेबांना म्हणाले. "ट्रॅक्टरचं. घेता का मले?"

"तुझ्या भाच्याच्या दोन पायांतून बॉल जाते, तिथं पहिले रेल्वेचं फाटक बसव," फोरमनसाहेब म्हणाले.

"बॉल त्याच्यापर्यंत येते काहून? समोरचे चौघं काय वावरातले बुजगावणे आहेत?"

सगळे हसले. उस्तादही हसले. ते बाजूला उभे राहून बॉल जाळीच्या पिशवीत भरत होते. आपल्याच जागेवर कोण आणायचा ही चर्चा ऐकत होते, आणि त्यांना खरोखर काढून टाकण्याचं कुणाच्या मनात नव्हतं. बोलणं तासभर चाललं असतं आणि नेहमीसारखं चहावर संपलं असतं. पण फोरमनसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबूजी, वही काय म्हणते?"

मी उभा राहिलो. वही पाहून आलो होतो. आम्ही एकूण एकतीस गोल खाल्ले होते आणि त्यांतले एकोणीस शेवटच्या वीस मिनिटांत. सामना ऐंशी मिनिटांचा. म्हणजे पहिल्या साठ मिनिटांत बारा आणि शेवटच्या वीसमध्ये एकोणीस. मी पुढे हेही सांगितलं की बहुतेक सामन्यांत साठाव्या मिनिटाच्या आसपास उस्ताद बचावातले एक-दोन खेळाडू बाहेर काढतात आणि कच्चे खेळाडू आत घेतात. जो सरावाला येतो त्याला खेळायला मिळालं पाहिजे, असं ते नेहमी म्हणत. मी म्हणालो की हा दयाळूपणा टीमला महाग पडतो आहे. आकड्यांवरून दुसरा अर्थ निघत नाही.

 तांड्यावरच्या भाऊंनी उस्तादांकडे पाहून विचारलं, की यावर तुमचं काय म्हणणं आहे.

"हिसाब बराबर आहे बाबूजींचा," उस्ताद म्हणाले. "गोल तर तेव्हाच झाले."

मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, पिशवीवर ठेवली आणि पिशवी माझ्या पायाशी आणून ठेवली. मला वाटलं, चुकीची कबुली आहे. घरी जेवताना मी बायकोला सांगितलं की आज भावनेवर नाही, आकड्यांवर निर्णय झाला.

नागपूरचे कोच दर शनिवारी संध्याकाळी येऊ लागले. त्यांच्या पहिल्या दोन्ही सामन्यांत आम्ही हरलो, आणि दोन्हींत शेवटच्या वीस मिनिटांत. दुसऱ्या सामन्यानंतर ते मुक्कामाला थांबले आणि सोमवारी सकाळी थेट टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले.

"सर, तुमचे बचावातले चार आणि पाच नंबर साठाव्या मिनिटाला ड्यूटीवर निघून जातात," ते म्हणाले. "सेकंड शिफ्ट असली की. वीस मिनिटं उशीर चालवून घेता येईल का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनाच विचारलं."

सामना अडीचला सुरू होतो. मध्यंतर दहा मिनिटांचं. साठावं मिनिट म्हणजे तीन चाळीस. सेकंड शिफ्ट चारची. घरी जायचं, कपडे बदलायचे, खाणीवर पोचून अंगठा लावायचा. बरोबर वीस मिनिटं. हा हिशेब शाळेतल्या मुलालाही आला असता.

मी त्यांना माझं ठरलेलं उत्तर दिलं, "लेखी आणा." आणि ते शब्द तोंडातून निघताना मला एक जुना दिवस आठवला. त्याच खिडकीत, मी या टेबलावर नवीन असताना, उस्ताद उभे होते. बोटांना ग्रीस लागलेलं, म्हणून खिडकीच्या फळीला हात न लावता. माझ्या आधीचे बाबू सामन्याच्या दिवशी खेळाडूंना अर्धा तास तोंडी सवलत देत आणि सुटताना तेवढा वेळ भरून घेत. मी ती बंद केली होती, कारण कागद नव्हता. उस्ताद विचारायला आले तेव्हा मी म्हणालो, लेखी आणा. त्यांनी विचारलं, अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा. मी मान वर न करता म्हणालो, "तेही मीच सांगू का?"

ते परत कधी आले नाहीत. मी विसरून गेलो. विसरण्यासारखंच होतं ते माझ्या दृष्टीने.

त्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी सामन्यांची वही आणि हाजरी शेजारी शेजारी ठेवली. ऑफिसात माझ्यासमोर कामगारांचे टोकन नंबर असतात, मैदानावर जर्सीचे नंबर. तीच माणसं दोन्हीकडे आहेत हे मला माहीत होतं, पण मी दोन्ही कागद एकत्र कधी पाहिले नव्हते. चौदापैकी आठ सामन्यांत दोघांपैकी एक तरी लवकर गेला होता. त्या आठ सामन्यांत शेवटच्या वीस मिनिटांत सोळा गोल झाले, आणि एकही सामना आम्ही जिंकलो नाही. दोघेही शेवटपर्यंत थांबले ते सामने सहा. त्यांत शेवटी फक्त तीन गोल, आणि आमचे दोन्ही विजय त्यांतलेच.

त्यांतल्या एका विजयाच्या दिवशी पाच नंबरवाल्याची सेकंड शिफ्ट होती. तरी तो थांबला होता. हाजरीत त्याचा अंगठा चार वाजून सतरा मिनिटांचा होता, आणि समोर माझ्या अक्षरात 'अर्धा दिवस गैरहजर'. म्हणजे रविवारी मी बेल्टवर उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि सोमवारी त्याची अर्धी हाजरी कापली. नंतर तो पुन्हा थांबला नाही.

कच्चे खेळाडू दयेपोटी येत नव्हते. रिकाम्या जागा भरायला येत होते.

अर्ज मीच लिहिला. कोणाच्या नावाने लिहायचा ते मला ठाऊक होतंच. मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी सही केली, काहीही न विचारता. एक पान लागलं.

मग मी उस्तादांच्या वर्कशॉपवर गेलो. ते ट्रकखाली होते. बाहेर आले, चिंधीने हात पुसले आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर तुम्ही का बोलला नाहीत, असं विचारलं.

"बोललो असतो तर तुमी त्या दोघांवर अजून कडक झाले असते," ते म्हणाले. "हाजरी तर तुमच्याच हातात हाय ना."

मी म्हणालो, मी तसा माणूस नाही. पण ते मी जरा थांबून म्हणालो, आणि तो थांबण्याचा वेळ त्यांनाही कळला. टीमवर परत या म्हटलं तर म्हणाले, नागपूरवाला चांगला माणूस आहे, त्याला हंगाम पूर्ण करू द्या. पुढच्या रविवारी सामना बघायला येईन, एवढं त्यांनी कबूल केलं.

ते आले. बेल्टच्या टोकाला बसले. दोन्ही बचावपटू शेवटपर्यंत खेळले आणि सामना एक-एक असा सुटला. मी उभा राहिलो आणि नवा हिशेब वाचून दाखवला. आठ सामने, सहा सामने, सोळा गोल, तीन गोल. सेकंड शिफ्टमुळे आपण हरत होतो, उस्तादांची चूक नव्हती, आता सवलत मंजूर झाली आहे. मी सगळे आकडे बरोबर सांगितले. सवलत पूर्वीही होती आणि ती मी बंद केली होती, हे सांगितलं नाही. सांगायचं ठरवून आलो होतो.

फोरमनसाहेब म्हणाले, बाबूजींच्या वहीनं शेवटी पकडलंच. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

तांड्यावरचे भाऊ मात्र उस्तादांकडे वळले. "तुमाले तर ठाव असन," ते म्हणाले. "मंग तवाच काहून नाई सांगितलं? कायले शिट्टी काढून देल्ली?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी वही मिटत होतो. ती मिटायला काही एवढा वेळ लागत नाही.

"माया ध्यानातच नाई आलं," ते म्हणाले.

"पंधरा वर्षं कोच, आन ध्यानात नाई आलं," भाऊ म्हणाले, आणि सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. उस्तादांनी बेल्टवर थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली, आणि मी तिथे बसलो.