रेग्युलेटरची नळी आणि माझा अण्णा

माझा अण्णा मला फसवून गेला.

आज त्याचं पहिलं मासिक श्राद्ध. वहिनी म्हणाली, तुला लिहिता येतंय, भावावर चार चांगल्या ओळी टाक. टाकायलेय वहिनी. चांगल्या आहेत का ते वाचून सांग.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी: नागनाथ अण्णा, माझा थोरला भाऊ. भालकीत उदगीर रोडला आमचं गॅरेज. अप्पांनी ट्रॅक्टर दुरुस्तीपासून सुरू केलेलं, अण्णानं कारपर्यंत आणलं. मी डिप्लोमा करून आले आणि सरळ त्याच्या हाताखाली उभी राहिले.

इंजिनाचा आवाज ऐकायला त्यानं शिकवलं. ग्रीसच्या हातानं भाकरी खायला पण त्यानंच.

लई जीव होता माझा त्याच्यावर. म्हणून तर एवढं झोंबायलंय.

माझ्या लग्नाआधीची गोष्ट, आम्ही एका जुन्या सेडानला सुपरचार्जर बसवत होतो. हैदराबादच्या भंगार बाजारातून अण्णानं हौसेनं आणलेला. अप्पा म्हणाले, दसऱ्याला ही गाडी लोकांसमोर नीट पळाली तर शोभी गॅरेजात राहील. न्हाई तर स्थळ बघायचं.

म्हणजे माझं सगळं त्या एका गाडीवर.

सुपरचार्जर इंजिनात हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोल पण वाढायला पाहिजे, न्हाई तर पिस्टन वितळतो. त्यासाठी पेट्रोलच्या रेग्युलेटरला एक बारीक रबरी नळी असते. हवेचा जोर वाढला की त्या नळीमुळे पेट्रोलचं प्रेशरही तेवढंच वाढतं.

मी लॅपटॉपवर हवा-पेट्रोलचं प्रमाण बघायची. अण्णा बोनेटखाली प्रेशर सेट करायचा. सेट करताना ती नळी काढून, हवा गळू नये म्हणून तिच्या तोंडात एक छोटा बोल्ट घालतात. काम झालं की परत जोडायची. एवढंच.

खंडेनवमीला आमचं तेच चाललं होतं आणि अप्पांनी पूजेला हाक मारली. मुहूर्त जायलाय म्हणून ओरडा. इंजिन बंद केलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिला, बोनेट खाली.

आमच्याकडं पूजेला मांडलेला पाना दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कुणी उचलत न्हाई. पूजा झालेल्या इंजिनात हात घालायचा न्हाई. अप्पांची सक्त रीत.

मी विचारलं, सगळं जोडलंय न्हवं? अण्णा म्हणाला, व्हय गं.

दसऱ्याला सकाळी गावाबाहेर नव्या प्लॉटांच्या ले-आउटमधल्या सरळ रस्त्यावर गाडी मी काढली. बीदर, औरादची गॅरेजवाली मंडळी, अप्पा, काका, सगळे उभे.

तिसऱ्या गिअरला पाय दाबला. मीटरवर हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा साडेअकराच्या आसपास पाहिजे होता. तो चौदाच्या वर गेला. म्हणजे पेट्रोल कमी पडायलंय. मी पाय उचलेपर्यंत टणटण वाजलं आणि मागं नुसता धूर.

अण्णा पळत आला. इंजिन तापलंय, लांब सरा, म्हणून सगळ्यांना मागं ढकललं. एकटाच बोनेट उघडून आत वाकला. मग मला हाक मारली.

"ये, बघ. नळी जागेवर हाय. प्रेशर बरोबर हाय. मीटर खोटं दाखवायलाय. गिअर तुझाच चुकला शोभे."

मी बघितलं. नळी खरंच जागेवर होती.



पोरीच्या हातानं इंजिन गेलं, हे संध्याकाळपर्यंत उदगीरला पोचलं. अप्पांनी शब्द पाळला. माझं लग्न झालं, मी कलबुर्गीला गेले. आज एका शोरूममध्ये लोकांच्या तक्रारी लिहून घेते. पान्याला हात लावला न्हाई. आपलाच हात चुकला असं मनात पक्कं बसलं होतं.

दर भाऊबीजेला जेवताना अण्णा पाहुण्यांना सांगायचा, आमच्या शोभीनं इंजिन उडवलंय बरं का. सगळे हसायचे. मी पण हसायची. बावळट कुठली.

अप्पा पण आता न्हाईत, म्हणून परवा घरात गॅरेजचं काय करायचं हा विषय निघाला. वहिनी म्हणाली, शोभाताई बघतील. काका म्हणाले, इंजिन उडवणारीच्या हातात द्यायलीस?  मी उठून ताटं गोळा करायला लागले.

काल वहिनीनं जुने व्हिडिओ पाठवले. आजच्या पोस्टसाठी अण्णाचा एखादा हसरा फोटो काढून घे म्हणून.

त्यात त्या खंडेनवमीचा व्हिडिओ आहे. अप्पा इंजिनाला कुंकू लावायलेत, अण्णा शेजारी हसत उभा आहे. आणि त्याच्या हातामागं नळी लोंबायलीय. तोंडात बोल्ट.

थांबवून, मोठं करून बघितलं. परत परत बघितलं.

पूजेनंतर त्या इंजिनाला कुणी हात लावला न्हाई. दसऱ्याला बोनेट उघडून आत वाकला तो एकटा अण्णा. मग मी बघितली तेव्हा ती नळी जागेवर कुणी लावली होती?

कामून केलास रे अण्णा?

विसरला असशील. पूजेच्या गडबडीत कुणी पण विसरतं. तिथंच सांगितला असतास तर मी त्याच दिवशी माफ केलं असतं. अप्पा तासभर बोलले असते, बस. त्या तासभराच्या बोलण्याला भिऊन तू मला घालवलंस. आणि वर मला माझ्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावलीस.

दर भाऊबीजेला मी तुला ओवाळायची. समोर पाटावर बसायचास. तेव्हा एकदा तरी सांगायचं होतंस.

आता कुणाशी भांडू?

व्हिडिओ खाली टाकलाय. काका, तुम्ही पण बघा, मोठं करून बघा. वहिनी, माफ कर, तुझ्या मनासारखं लिहिता आलं न्हाई. शोरूममध्ये राजीनामा दिलाय. किल्ल्या काकांकडून मागून ठेव.

अण्णा, आज तुझ्या नावानं पान वाढलं. तुला आवडतं तसं, वांग्यात शेंगदाण्याचा कूट जास्त घालून. रडायला पण येतंय आणि तुझा राग पण जात न्हाई.

जा, सुखानं जा. गॅरेज मी चालवते.