स्क्रूची रिंग आणि मॅग्नेटची फ्रेम

पंचवटीत माझं छोटं दुकान आहे, त्यात दोन एम्ब्रॉयडरी मशिनं. ब्लाउजच्या बाह्या, पाठी, कधी बाळंतविड्यातलं झबलं, असं काम येतं. नक्षी कॉम्प्युटर सांगतो, टाके मशीन घालतं. पण कापड रिंगमध्ये ताणून बसवायचं काम माणसाचंच, आणि ते मला चाचांनी शिकवलं. चाचा जुन्या नाशकातले कारीगर. उभा जन्म हाताच्या जरीकामात गेला. ते काम आटलं तेव्हा माझ्याकडे आले. मालकीण मी होते, पण रागवायचे तेच.

रिंग म्हणजे एकात एक बसणारी दोन कडी. मध्ये कापड, खाली जाड कागद, आणि बाहेरचा स्क्रू बोटांनी पिळून घट्ट करायचा. ढिलं राहिलं तर नक्षीला चुण्या पडतात. जास्त ताणलं तर रिंग सोडल्यावर कापड आक्रसतं, पुन्हा चुण्या. चाचा कापड बसवून झालं की त्यावर नखानं टिचकी मारायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे.

"बोललं का?" असं ते मला विचारायचे.

"बोललं."

"तुला बोललं असेल, बेटा. मला नाही बोललं." की रिंग सोडून पुन्हा पहिल्यापासून. मी चिडायचे. गिऱ्हाईक दारात उभं आणि यांचा कापडाशी संवाद चाललेला!

स्क्रू पिळून पिळून त्यांच्या अंगठ्याचा सांधा सुजला. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले, आणि मला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून प्यायचे. ते पाहवेना, म्हणून मी दोन्ही मशिनांसाठी मॅग्नेटच्या फ्रेमा मागवल्या. खाली लोखंडी चौकट, वर चुंबकाची. मध्ये कापड ठेवलं की खट्कन चिकटते. पिळायचं काही नाही. सोबत सूचनांचा कागद होता. त्यावर हृदयाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. मी हसले. आपल्याकडे कुणाचं हृदय मशीनवर चालतंय, म्हणत तो कागद घडी करून मी टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला.

पहिल्याच दिवशी फ्रेमेनं चाचांचं बोट चिमटलं. "ही तर विचारायच्या आधीच चिकटते," ते बोट झटकत म्हणाले, "जरा शरम नाही हिला!" पण मग निफाडच्या एका नवरीचा मखमलीचा ब्लाउज आला. मखमलीवर रिंगचा गोल वळ उठतो, आणि तो वाफ देऊन, ब्रश फिरवून घालवायला चाचांची अर्धी दुपार जायची. या वेळी फ्रेम काढली आणि त्यांनी तळहात फिरवून पाहिला. खिडकीशी नेऊन पाहिलं.

"वळ नाही गं, बेटा. एकसुद्धा नाही. आधी का नाही आणलीस?"

जणू फ्रेम मीच शोधून काढली, अशी मी दिवसभर मिरवले.

उन्हाळ्यात एक दिवस ते दुकानाच्या पायरीवरच चक्कर येऊन बसले. हृदयाचे ठोके मंद पडत होते. दवाखान्यात छातीत पेसमेकर बसवला. मी भेटायला गेले तेव्हा चाची म्हणाल्या, "डॉक्टर बोलले, मोबाइल पण त्या बाजूच्या खिशात नको. मॅग्नेटच्या जवळ तर बिलकूल नाही."

तडक दुकानात परत येऊन टेबल उचललं आणि पायाखालचा कागद ओढून काढला.

डॉक्टरांना मी स्वतः भेटले. लांब बसायला हरकत नाही, म्हणाले, पण फ्रेम हातात घ्यायची नाही. आणि आमच्या कामात तर कापड बसवताना फ्रेम छातीशीच येते.

दीड महिन्यानं चाचा न सांगताच आले. ते उंबरठ्यात दिसले आणि मी ओरडलेच, "चाचा, थांबा! आत येऊ नका!"

त्यांनी एक चप्पल काढली होती. दुसरी पायातच. कामावरच्या दोघी बायका माना वर करून बघायला लागल्या. चाचांचा चेहरा उतरला.

"माझं काही चुकलं का?"

तो प्रश्न अजून माझ्या काळजातून निघत नाही. मी धावत बाहेर जाऊन सगळं समजावलं. ऐकून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि हसले. "म्हणजे माझ्या दिलाला तू सवत आणून ठेवलीस की!"

दाराशी खुर्ची टाकते, तिथे बसून बघा, मी म्हटलं.

"नुसतं बसायला मी काय पाहुणा आहे? एका मशीनला जुन्या रिंगा लाव, ते दाराशी घे. मी येतो."

"आणि अंगठा?"

"अंगठा माझा आहे. मी बघतो त्याचं."

"लावते. पुढच्या आठवड्यात नक्की."

जुन्या रिंगा कपाटावर पिशवीत होत्या. मशीन सरकवायचं, रिंग अडकवायच्या पट्ट्या बदलायच्या, फार तर तासाभराचं काम. मी केलं नाही. लग्नसराई होती हे खरं. बायकांना आता मॅग्नेटचीच सवय झाली होती, हेही खरं. पण त्याहून खरं म्हणजे चाचा नसताना कुणी माझं बसवलेलं कापड सोडून पुन्हा बसवायला लावत नव्हतं. काम भराभर होत होतं, दुकान शांत होतं, आणि मला ते आवडायला लागलं होतं. हे लिहितानासुद्धा माझी मला लाज वाटते.

दर शुक्रवारी नमाजनंतर त्यांचा फोन यायचा. "लावल्या का रिंगा?"

"या आठवड्यात फार घाई आहे, चाचा."

"बरं, बरं. काम आधी." कधी रुसले नाहीत. एकदा म्हणाले, "घरी चाचीच्या ओढण्यांवर टिचक्या मारत बसतो. ती म्हणते, डोकं फिरलं म्हाताऱ्याचं." मी हसले आणि पुन्हा त्यांच्या तोंडाला पानं पुसली.

एका शुक्रवारी फोन आला नाही. दोन वाजले, तीन वाजले. मला हायसं वाटलं. आज नवं कारण शोधावं लागलं नाही, असं मनात आलं आणि मी पुढची फ्रेम लावली.

शनिवारी सकाळी चाचींच्या भाच्याचा फोन आला. चाचा झोपेतच गेले होते.

मी गेले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. चाचींनी मला जवळ बसवून घेतलं. खुंटीवर चाचांचा आकाशी शर्ट लटकत होता, कडक इस्त्रीचा.

"सोमवारी दुकानात जायचं म्हणत होते," चाची म्हणाल्या. "तूच बोलावलंस, म्हणाले. दर आठवड्याला हेच सांगायचे, आता बोलावणं आलंय, आता जायचंय. मला वाटायचं, मन राखायला काहीतरी बोलतात." त्यांनी माझा हात धरला. "खरं बोलावलं होतंस ना गं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"हो चाची," मी म्हणाले. "रिंगा लावून ठेवल्या होत्या."