खोक्यावरचं कुंकू
कपाट आवरताना जुन्या फोनचं खोकं हाती आलं आणि त्यावरचं पुसट कुंकू पाहून अमेरिकेतल्या शॉमबर्गमधला तो दिवस आठवला. नवा टचस्क्रीन फोन येणार होता. माणशी एकच मिळणार म्हणून मी, रूममेट आणि नागपूरहून आलेली त्याची आई, असे तिघं भर उन्हात मॉलबाहेर रांगेत बसलो. सील न तोडता तिन्ही फोन जादा भावाने विकायचे, असा प्लॅन होता. काकूंनी मागच्यापुढच्या अमेरिकन मंडळींनाही दशम्या वाटल्या. दार उघडलं तशा टाळ्या कडाडल्या, आणि आम्ही खोकी छातीशी धरून घरी आलो. संध्याकाळी गिऱ्हाईक दारात, आणि तिन्ही खोकी देवापुढे! पांढऱ्या पुठ्ठ्यावर ओल्या हळदकुंकवाची बोटं उमटलेली. गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. रूममेट ओरडला, "आई, अगं ते विकायचे होते!" "पूजा झालेली वस्तू विकतात का रे?" काकू म्हणाल्या, "उघडा आता." पुढच्या क्षणी आम्ही तिघंही, काकूंसकट, सील तोडत होतो. बिचाऱ्या काकूंना प्लॅन माहीत नव्हता, असंच मी इतकी वर्षं समजत होतो. आज खोकं हातात घेतल्यावर लक्षात आलं, रांगेत आम्ही सौदा ठरवला, तेव्हा त्या आमच्या मधोमध बसल्या होत्या.