वास्त्याला खिळा

चंद्रपुरात त्या काळी आमच्या डॉक्टरांनी ज्याचा गुडघा दाबून पाहिला नाही, असा माणूस एक तर परगावचा असावा, नाहीतर पळण्यात पटाईत. लग्नाच्या पंगतीतून कुणी जमिनीला हात टेकून उठताना दिसला, की डॉक्टर हातातली पुरी टाकून त्याच्यामागे जात. चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. एकदा बाजारात सख्ख्या साडूला ओळखलं नाही. बिचाऱ्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली तेव्हा कुठे गळ्यात पडले, असं डॉक्टरीणबाईच सांगत.

माझी त्यांची गाठ कबड्डीमुळे पडली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी चौदा वर्षांची, चामोर्शीजवळच्या आमच्या गावची चढाईची पोर. वळताना गुडघ्यात कट्कन आवाज झाला आणि तेव्हापासून पाय वाटेल तिथे दगा देऊ लागला. आतला बंध तुटला होता. एका डॉक्टरांनी खेळ विसरायला सांगितलं, तर मी रडून घर डोक्यावर घेतलं.

आमच्या डॉक्टरांनी मात्र तीन रस्ते सांगितले. पहिला, वाटीखालची पट्टी काढून हाडांना आरपार भोकं पाडायची आणि त्यात ती ओवायची. काम एकदम पक्कं. दुसरा, मांडीच्या बाहेरची पट्टी घेऊन हाडाला वळसा घालून आत आणायची. भोक नाही, पण पुढे सैल पडायची भीती. तिसरा, वाढ संपेपर्यंत गप बसायचं आणि तोवर गुडघ्यातली गादी झिजू द्यायची. यातला कुठला बरा, याची चर्चा ते चहावाल्याशी करत, तशीच एसटीच्या कंडक्टरशीही. पक्कं काम असताना अडलं कुठे, असं बाबांनी विचारलं.

"भाऊ, पोरीचं हाड अजून वाढून राह्यलं. वास्त्याले खिळा ठोकला, तर बांबू सरळ येईन का?"

वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आमच्या घरी पावसाळाभर शिजत. बाबांना लगेच पटलं.

आता माझी वाढ किती उरली, ते ठरवायचं होतं. डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला, पण फोटोवर त्यांचा निम्माच विश्वास. घरच्यांना आणा, सगळ्यांची उंची मोजतो, म्हणाले. आणि आमच्याकडे उंची मोजतात ती एकाच कामासाठी, भरतीसाठी! ठरल्या दिवशी नातेवाइकांच्या मागोमाग गावातली निम्मी तरणी पोरं धुतलेले शर्ट घालून, छात्या फुगवून दवाखान्यासमोर हजर. दुसरा कुणी असता तर हाकलून देता. डॉक्टरांनी एकेकाला दाराच्या चौकटीशी उभं केलं, खडूनं खूण केली, आणि गुडघे तर दाबलेच. झाली का भरती, असं एकानं विचारलं, तर म्हणाले, गुडघा पास आहे, बाकीचं सरकार पाहीन.

सगळ्यांत शेवटी आत्या आली, चौकटीखालून मान वाकवून. ही कधीपर्यंत वाढली, डॉक्टरांनी विचारलं. लग्नानंतरही वाढतच होती, सासरच्यांनी त्यावर कुरकुर केली होती, असं बाबा ओशाळून म्हणाले. डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हाडाला हात लावायचा नाही, वळसाच घालायचा, हे तिथल्या तिथे ठरलं.

बंध टिकला. वर्षभर त्यांनी माझ्याकडून रडवून रडवून व्यायाम करून घेतला, आणि मी पुन्हा मैदानात उतरले. आत्याएवढी झाले, दोन्ही पाय सारखे. आईबाबांच्या खालोखाल मी कुणाची ऋणी असेन तर त्यांचीच.

शेवटी भेटायला गेले तेव्हा ते फार थकले होते. दारात मला ओळखलं नाही. मी सलवार वर करून गुडघ्यावरची खूण दाखवली. त्यांनी अंगठ्यानं ती चाचपली, आणि चेहरा उजळला. मग खडू मागवून मला चौकटीशी उभं केलं. त्यांचा हात पोचेना, म्हणून मी जरा वाकले.

"वाकू नको," ते म्हणाले. "सरळ उभी राय."

मी दोन्ही पायांवर सरळ उभी राहिले, आणि त्यांच्या हातातून खडू घेऊन माझ्या डोक्याशी खूण मीच केली.