बेडवर बसू नका, आजी

मंडळी, या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते. ड्यूटीवरून आल्यावर, चहा होईपर्यंत... आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून मोबाइल बाजूला ठेवते. आमच्या घरात नवस, उतारा, अंगारा यातलं काहीच नव्हतं. आम्ही बौद्ध. वडिलांनी लहानपणी एक सवय लावली होती. कुणी काही सांगितलं की आधी विचारायचं, तू स्वतः पाहिलंस का? तेवढ्या एका प्रश्नावर गावातली निम्मी भुतं पळून जायची.

माझी अडचण एवढीच आहे, की हे मी स्वतः पाहिलंय.

मी वसमतला एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. दवाखाना लहानच. पुढे ओपीडी आणि मेडिकल, मागे एक लांबट जनरल वॉर्ड. वॉर्डाला ये-जा करायला एकच दार, आणि त्या दाराशी शेवंतामावशी बसलेल्या असतात. त्या झाडलोट करतात, कापसाचे बोळे करतात, आणि कोण आलं कोण गेलं यावर त्यांची नजर असते. हे सगळं इतकं नीट सांगते आहे कारण पुढे तुम्ही विचारणारच.

मागचा उन्हाळा. एप्रिलमध्ये आमच्याकडे दुपारी हँडपंपाचा दांडा हातात धरवत नाही. अशा उन्हात एका दुपारी जीपमधून दोघांनी एका पोराला उचलून आणलं. पोरगंच ते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचं. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही, शुद्ध नाही. शिरड शहापूरकडच्या शिवारात टॉवर लाइनचं काम चालू होतं, तिथं टॉवरवर चढून तारा ओढणाऱ्या टोळीतला तो होता. ऊन लागून खाली उतरता उतरता कोसळला होता. नशीब, जमिनीजवळ आल्यावर कोसळला.

डॉक्टरसरांनी लगेच बर्फ, सलाइन सुरू केलं. मी केसपेपर घेतला.

"नाव काय?"

"बहादूर," सोबतचा मुकादम म्हणाला.

"पूर्ण नाव सांगा."

"मॅडम, बहादूरच. आमच्याकडे नेपाळचे सगळे बहादूरच असतात. हा वर चढणारा बहादूर."

"गाव? घरच्यांचा नंबर? काही ओळखपत्र?"

"त्याचं कुठलं ओळखपत्र... गाडी बाहेर आडवी लागली आहे, बाजूला लावून येतो."

तो गेला तो आलाच नाही. फोन बंद. पोलिसांना कळवलं, तर त्यांचा माणूस शिवारात जाऊन आला, म्हणाला, "तंबू न्हाईत तिथं आता. टोळी पुढं गेली." डॉक्टरसरांनी खटपट करून कंपनीच्या ऑफिसचा नंबर मिळवला. तिकडून उत्तर आलं, की आमच्या मस्टरवर असा कुणी माणूस नाही, गुत्तेदाराला विचारा. कामाचा ठेका घेतलेला तो गुत्तेदार म्हणाला, माझे लोक मुकादम आणतो, मला नावं माहीत नसतात.

म्हणजे आमच्या वॉर्डात एक माणूस होता, त्याचा श्वास मी मोजत होते, आणि तो कुणाचाच नव्हता.

ताप उतरला. रिपोर्ट हळूहळू ठीक आले. त्यानं डोळे उघडले. पण बोलेना, आणि काही गिळेना. 'बहादूर' म्हणून हाक मारली तर पापणीसुद्धा हलायची नाही. बस स्टँडजवळ चायनीजची गाडी लावणारा मोहन नेपाळचा आहे, त्याला बोलावलं. तो बिचारा गाडी तशीच सोडून आला. बराच वेळ त्याच्या कानाशी त्यांच्या भाषेत बोलला, हात चोळले. काही नाही. पोरगं छताकडे बघत पडलेलं.

मोहन वसमतला बरीच वर्षं आहे, त्याचं मराठी छान आहे. म्हणाला, "सिस्टर, आमच्याच भागातला दिसतो. पण तो इथं नाही. कुठंतरी लांब आहे."

डॉक्टरसर म्हणाले, "शरीर सावरलंय त्याचं. पण खाल्लं नाही तर उद्या नळी घालून नांदेडला पाठवावं लागेल." नांदेडच्या मोठ्या गर्दीत हा बिननावाचा पोरगा... मला घरी गेल्यावरही तेच दिसत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी भाताची पातळ पेज करून नेली. थोडं मीठ, थोडं तूप. सकाळी दोनदा प्रयत्न केला. पेज ओठांवरून खाली आली.

दुपारी वॉर्ड शांत होता. कूलरचा आवाज, आणि कोपऱ्यातल्या पेशंटची बायको भिंतीला टेकून झोपलेली. मी शेजारच्या खोलीत इंजेक्शन देऊन परत आले, तर त्या पोराच्या बेडवर एक म्हातारी बसलेली.

लहानखुरी बाई. बाजूला नाड्या बांधलेलं जाड पोलकं, कमरेला कापडाचे वेढे, नाकात मोठी चकती. एवढ्या उन्हाचं अंगावर लोकरीचं काहीतरी. पाय अनवाणी. जवळ गेले तर चुलीच्या धुराचा वास आला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि वाटीतली पेज बोटांनी त्याच्या तोंडात घालत होती. प्रत्येक घासाला हळूच म्हणायची, "टेके... टेके..."

आणि तो गिळत होता.

मला वाटलं, टोळीतल्या कुणाची तरी आई असेल, कळल्यावर आली असेल. इतका आनंद झाला, पण तोंडातून मात्र नेहमीचं वाक्य निघालं. "बेडवर बसू नका, आजी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, आपण कुणाच्या घरी चुकून उंबऱ्यावर बसलो तर बघतो ना, तसं. त्याचं डोकं उशीवर ठेवलं आणि गुडघ्यावर हात दाबत उभी राहिली. गुडघा दुखतोय हे नर्सला सांगावं लागत नाही. माझंच मला कसं तरी झालं. म्हटलं, "थांबा, स्टूल आणते." ओपीडीतून स्टूल उचलून आणलं.

ती नव्हती.

दाराशी शेवंतामावशी बोळे वळत बसलेल्या. म्हटलं, "मावशी, त्या आजी कुठं गेल्या?"

"कोणत्या आजी?"

"आत्ता बेडवर बसल्या होत्या त्या. नाकात चकती."

"सिस्टर, मी इथंच बसून हाव. कुणी आलं न्हाई नं कुणी गेलं न्हाई. काहून, कुणाला शोधून राहिल्या?"

मी बाहेर जाऊन रस्ता बघितला. रिकामा, नुसतं पांढरंशुभ्र ऊन. मेडिकलवाल्याला विचारलं, त्यानंही नकारार्थी मान हलवली. कॅमेरा आमच्याकडे फक्त मेडिकलच्या काउंटरवर आहे, तेव्हा ते विचारू नका.

परत आले. वाटी रिकामी होती. तोपर्यंत मला भीती वगैरे काही वाटली नव्हती, फक्त गोंधळ. मी वाकून सहज म्हणाले, "टेके?"

त्यानं मान वळवली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, दाराकडे. आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज नाही, नुसतं पाणी. मी स्टूल ओढून तिथंच बसले आणि त्याचा हात धरून ठेवला. दुसरं काय करणार होते?

संध्याकाळी मोहन आला तेव्हा तो बोलायला लागला होता. तुटक, दमलेला, पण बोलत होता. नाव टेकराज. घरी टेके म्हणतात. पश्चिम नेपाळच्या डोंगरातलं गाव, रस्त्यापासून बरंच चालत जावं लागतं. टोळी दर काही महिन्यांनी राज्य बदलायची. प्रत्येक ठिकाणी त्याला बहादूरच म्हणायचे, मग तोही ओ द्यायला लागला. फोन तंबूत राहिला, तो टोळीबरोबर गेला.

"याची आई आली होती दुपारी, टेके म्हणूनच हाक मारत होती," मी मोहनला सांगितलं. "कुठं उतरल्यात त्या, विचार ना."

मोहननं विचारलं. टेके दाराकडे बघत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, आई आली होती, भात भरवला. पण ते स्वप्न होतं म्हणतो. तापात होतं असं, सिस्टर."

"अरे, ताप त्याला होता. मला नव्हता."

मोहन टेकेची उशी नीट करायला लागला.

मोहननं मोबाइलवर त्यांच्या भागातल्या लोकांच्या ग्रुपमध्ये विचारपूस केली. दोन-तीन दिवसांत टेकेच्या बहिणीपर्यंत निरोप पोचला आणि तिनं व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे बेडभोवती जमलो. शेवंतामावशी हात पुसत आल्या. स्क्रीनवर आधी बहीण दिसली, मग फोन हलला, आणि एक म्हातारी समोर आली. टेके "आमा" म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. आई नुसती स्क्रीनवर बोट फिरवत राहिली, त्याच्या कपाळावरून फिरवावं तसं.

मी त्या चेहऱ्याकडे बघत होते. नाकातली चकती. बाजूला नाड्या बांधलेलं पोलकं.

वॉर्डातली आजीच ती. मोहनला म्हटलं, "विचार, त्या इकडे कधी आल्या होत्या?"

त्यानं विचारलं. बहीण हसली. आई कुठली येते? गुडघ्यांनी तिला धरून ठेवलं आहे, कित्येक वर्षांत अंगणापलीकडे गेली नाही.

मग मोहननं ओळख करून द्यावी म्हणून फोन माझ्याकडे वळवला. म्हातारीनं डोळे बारीक केले. मला नीट बघितलं. आणि मोहनला भराभरा काहीतरी सांगायला लागली. मोहन ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"सिस्टर... म्हणतात, हीच ती. हिनं मला खाटेवरून उठवलं."

शेवंतामावशी पदर तोंडाशी धरून उभ्या. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सांग त्यांना, मी स्टूल आणायला गेले होते."

मोहननं सांगितलं. म्हातारी हसली. दात नव्हते फारसे. म्हणाली, माहीत आहे. पण थांबता आलं नाही. लेकराला लोक कुणा दुसऱ्याच्याच नावानं हाका मारत होते, त्याला कळत नव्हतं परत कुठं यायचं. तेवढं सांगायला आले होते.

त्यानंतर टेके झपाट्यानं सुधारला. चालायला लागला, मावशींना बोळे वळायला मदत करायला लागला. कामगार ऑफिसमध्ये डॉक्टरसर आणि मी त्याला घेऊन गेलो होतो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, वाईटही वाटलं त्यांना, पण म्हणाले, हा कामावर होता असं दाखवणारा एकही कागद नाही, मी कुणाला जाब विचारू? टेके माझ्याकडे बघून हसला. त्याला याचं फारसं काही वाटलं नाही. त्याला घरी जायचं होतं. मोहन त्याला नांदेडला गाडीत बसवून आला. निघताना मावशींनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि दम भरला, "पोचल्यावर फोन कर बराबर. न्हाईतर मी तिथं येऊन पाहीन."

त्यानं केला. घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मोहन मुद्दाम दवाखान्यात आला होता. अंगणात टेके आणि त्याची आई शेजारी शेजारी बसलेले, मागे उभा डोंगर. मी धीर करून विचारलं, "आजी, तुम्ही आलात कशा?"

तिनं जे सांगितलं ते मोहननं असं सांगितलं. जेवण करून भिंतीशी उन्हात बसले होते, डोळा लागला. मग फार गरम होत होतं. मोठ्या मैदानात जमिनीवर लांबवर पिवळं पिवळं काहीतरी वाळत घातलेलं होतं, गाठीगाठींचं. कुणाचं तरी कष्टाचं असेल म्हणून मी पाय वाचवत कडेनं चालले. पुढचं आठवत नाही.

एप्रिलमध्ये वसमतच्या आसपास कुठंही जा, शिजवलेली हळद वाळत घातलेली असते. टेकेनं ती पाहिलीसुद्धा नव्हती. तो डोंगराकडच्या शिवारातून शुद्ध हरपलेला थेट वॉर्डात आला होता, आणि निघाला तेव्हा हळद पोत्यांत गेली होती. त्यानं आईला सांगितली असेल म्हणावं, तर तो स्वतःच मोहनला विचारत होता, ते पिवळं काय?

मी खूप विचार केला. भास म्हणावं तर नाव कुठून कळलं मला? कुणी फिरस्ती बाई आली असेल म्हणावं, तर ही मला ओळखते कशी? आणि तो तिच्या हातचं जेवला हे तर मी डोळ्यांनी पाहिलं. वडील असते तर काय म्हणाले असते, ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, मी खरंच वाचेन.

त्या कॉलवर शेवटी मी म्हणाले होते, "परत या आजी, आता बसायला चांगली खुर्ची देईन."

मोहननं सांगितल्यावर ती मान हलवत म्हणाली, आता मला रस्ता सापडायचा नाही. मग टेकेच्या पाठीवर हात ठेवून मला म्हणाली, तूच ये. खाली मोटारीच्या रस्त्यापर्यंत घ्यायला हा येईल.