अण्णा आणि भुशानं कोंडलेला एसी

आमच्या अण्णांना, माझ्या वडिलांना, निवृत्तीनंतर दम्यानं गाठलं. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस बेंबळीच्या घरात खोलीतून अंगणात आला तरी धापा टाकायचा. मळणीच्या दिवसांत खिडक्या उघडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. बंद खोलीत त्यांची नुसती तगमग व्हायची, म्हणून मी माझ्या शिक्षिकेच्या पगारातून एसी बसवून घेतला.

पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी शेजारच्या रानात हरभऱ्याची मळणी झाली आणि एप्रिलमध्ये एसी नुसताच घरघरायला लागला. अण्णा वैतागले.

"काढून टाक ते. आवाज लई अन् गारवा न्हाय."

मी मेकॅनिकला फोन लावला. एसी बसवायची कल्पना शेवटी माझीच होती.

तुळजापूरहून मेकॅनिक आला. त्यानं आतली जाळी काढली, तर तिच्यावर धुळीचा जाड थर. मग बाहेरच्या भिंतीवरचं यंत्र उघडलं. पत्र्याच्या बारीक पट्ट्यांमध्ये भुसा गच्च बसलेला.

"गॅस भरपूर हाय ताई," तो म्हणाला. "खोलीतली उष्णता बाहेर पडायलाच वाट न्हाय. त्यात भिंत मावळतीची."

तोंडाला पंचा बांधून अण्णा कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. पट्ट्यांकडे वाकून बघत म्हणाले, "अरं, हे तर रेडिएटर हाय! घाटात गाडी तापायची, तवा आमी असलंच धूत होतो. पाणी आतनं बाहेर मारायचं, न्हाय तर कचरा आणखी आत बसतो."

"बरोबर बोललात काका. फक्त धार हलकी ठेवा, पट्ट्या दुमडत्यात. अन् आधी मेन स्विच बंद."

मेन स्विच बंद करून त्यानं पाण्याचा पाइप अण्णांच्या हातात दिला. काळपट पाणी भिंतीवरून ओघळलं. तासाभरानं खोली गार झाली.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी अण्णा जाळी धुतात, ओली करूनच, म्हणजे धूळ उडत नाही. यंत्राच्या वर त्यांनी हिरव्या जाळीची सावली केली, पुढची बाजू वाऱ्याला मोकळी सोडून.

दमा गेलेला नाही. पण यंदा गल्लीतल्या तीन घरांनी त्यांना एसी धुवायला बोलावलं. पंचा आणि जाळी घासायला जुना टूथब्रश घेऊन ते सकाळी निघतात, मध्ये पारावर बसून दम खातात आणि पुढं जातात. परवा मी म्हटलं, "अण्णा, मी येऊ का सोबत?"

"तू शाळंला जा," ते म्हणाले. "मला जमतंय."