खुनानंतरचे जेवण

कारंजा येथे तहसील कचेरीसमोर मी अर्ज लिहितो. एके दुपारी मेडशीकडची एक प्रौढ बाई माझ्या टेबलाशी येऊन बसली. प्रत्येक वाक्याआधी ती पदराने तोंड पुसत असे. तिच्या मुलाने टीव्हीवरील एका गुन्हेमालिकेत खुन्याची भूमिका केली होती आणि तो भाग पाहून मुलीकडच्यांनी त्याची ठरलेली सोयरीक थांबवली होती.

"बाई, सदर खून हा केवळ अभिनय होता, असे मी सविस्तर नमूद करतो," मी म्हणालो.

"खून खोटा हाय, हे त्याइलेबी समजते, भाऊ. पण खून करून हा तसाच जेवाले बसला! पोरीची माय म्हणते, जेवला तं खराच ना? अन् हात नाई धुतले!"

तो भाग मीही पाहिला होता आणि माझ्या पत्नीनेही नेमके तेथेच तोंड वाकडे केले होते. प्रेक्षक गुन्हा माफ करतात, वळण मात्र तपासतात.

"हात धुतल्याचे प्रतिज्ञापत्र करू," मी सुचवले.

"मी त्या जागी नोती. खोटं कायले लिवता?" ती उठली. "त्यापरीस त्याइले रविवारी जेवाले बलावतो. सगळ्याइच्या समोर पोट्ट्याले साबनानं हात धुवाले लावतो. तुमी साक्षीले या, सरकारी मानूस दिसता."

मी सरकारी नाही, हा खुलासा त्या प्रसंगी मला अनावश्यक वाटला. सदऱ्याचे वरचे बटण लावून मी फक्त वेळ विचारली.